चौथ्या सिलिंडरचं प्रकरण: देवगडच्या ॲम्बेसिडर इस्टेटचं इंजिन

गाडी ॲम्बेसिडर इस्टेट, पेट्रोल, १४८९ सीसी. देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराच्या मांगरात (बागेतल्या खोपटात) ती काही पावसाळे उभी होती. त्याआधी बरीच वर्षं सीझनला हापूसच्या पेट्या भरून ती कणकवलीपर्यंत आणि तिथून घाटावर जायची. तक्रार दोन ओळींची होती: निळा धूर मारते, आणि गरम झाल्यावर ऑइलचा काटा खाली बसतो. गावातल्या दोन्ही गॅरेजांचं मत एकच पडलं, रिबोअर करा, म्हणजे पिस्टन चालतो ते सिलिंडरचं भोक (बोअर) मोठं कापून घ्या, आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) घासून घ्या. निदान चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. तेवढंच काम करून हे इंजिन बांधलं असतं, तर नवा पिस्टन पहिल्याच घाटात जाम झाला असता. कारण बोअरमध्ये नव्हतं, बोअरच्या पलीकडच्या पाण्याच्या जागेत होतं.

इंजिनाची ओळख

ॲम्बेसिडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. तिचं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं १४८९ सीसी इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीजमधलं. बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, क्रँकला तीन मेन बेअरिंग, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाची, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मापं सगळी इंची आणि नटबोल्टही इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्या नटाला १३ चा पाना लागतो खरा, पण ढिला बसतो. खाऱ्या हवेत गंजून घट्ट झालेल्या नटाच्या कडा अशा पान्याने पहिल्याच झटक्याला गोल होतात. म्हणून या कामात इंची सॉकेटचा सेट आधी, बाकी हत्यारं मग.

इंजिन बदलून टाकावं का, हा प्रश्न निघालाच. कोकणात मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलेल्या ॲम्बेसिडर पुष्कळ फिरल्या. पण ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आरसी बुकात त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि जुन्या गाडीचं मूळपण जातं ते वेगळंच. ब्लॉक वाचण्यासारखा असेल तर वाचवावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. तो वाचण्यासारखा आहे की नाही, हे मात्र मोजूनच ठरतं.

खोलण्याआधी

इंजिन गरम करून चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, घेतलं. क्रमाने ११२, ११५, १०४ आणि ६६ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घेतलं, तेव्हा ९८. ऑइल टाकल्यावर आकडा चढला म्हणजे गळती रिंग आणि बोअरमधून. पण तो बाकीच्यांच्या बरोबरीला आला नाही, म्हणजे त्याच सिलिंडरचा एक व्हॉल्व्हही नीट बसत नव्हता. ऑइल प्रेशर गरम इंजिनला आयडलवर जेमतेम ७ पीएसआय. या इंजिनाला गरम असताना रस्त्यावर ५० च्या आसपास आणि आयडलवर निदान १५ हवं.

त्यानंतर रेडिएटर रिकामा केला आणि ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन कॉक उघडला. एक थेंब आला नाही. कॉकच काढून भोकात तार घातली, तर ती इंचभर जाऊन थांबली. या क्षणी प्रकरणाची दिशा बदलली. पाण्याचा पंप पुढे असतो, त्यामुळे पुढचं पाणी खेळतं राहतं. गाळ वाहत वाहत मागे जातो आणि चौथ्या सिलिंडरभोवती बसतो. कॉम्प्रेशन सर्वात कमी नेमकं चौथ्यातच होतं.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) कोणीतरी पूर्वीच काढून टाकला होता. उष्ण मुलखात थर्मोस्टॅट कशाला, हा आपल्याकडचा पक्का समज. प्रत्यक्षात त्याच्याविना इंजिन लहान फेऱ्यांमध्ये नीट तापतच नाही. जळणातून निघालेली वाफ बोअरच्या भिंतीवर आणि संपमध्ये (खालच्या ऑइलच्या टाकीत) पाणी होऊन राहते, ऑइलची पिवळट साय होते आणि रिंगा गंजत झिजतात. समुद्राकाठच्या दमट हवेत तर हे आणखी लवकर होतं.

खोलताना

या इंजिनात एक गोष्ट नवख्या माणसाला चकवते. रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या दांड्याच्या) स्टँडचे चार मोठे नट हे हेडचेही नट आहेत. नुसता रॉकर काढायचा म्हणून ते चार सोडले तर हेडवरचा दाब एका बाजूने सुटतो, हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. म्हणून आधी पाणी काढायचं, मग अकराही नट क्रमाने पाव-पाव फेरा सैल करायचे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल दिलं होतं. तरीही दोन स्टड हलले नाहीत. त्यांना गॅसने लालसर करून, थोडं निवू देऊन मग फिरवलं. थंडच पिळले असते तर हेडमध्ये तुटले असते आणि ड्रिलिंगचं वेगळं काम निघालं असतं.

जुनं गॅस्केट तांबं-ॲस्बेस्टॉसचं होतं. ते सॅंडपेपरने कोरडं घासायचं नाही, ओलं करून खरवडायचं आणि निघालेलं पिशवीत बांधून टाकायचं. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.

पिस्टन या इंजिनात वरून निघतात. बोअरच्या तोंडाशी झिजेमुळे जी कड राहते ती रिज रीमरने आधी काढली, नाहीतर रिंग तिला अडकून पिस्टनची खाच फुटते. कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या कॅपवर नंबर पंच केले, कारण रॉड एका बाजूला ऑफसेट असतात आणि कॅप अदलाबदल चालत नाहीत. पिस्टनच्या माथ्यावर '०२०' हा आकडा होता. म्हणजे एकदा २० साइजला, मूळ मापाहून ०.०२० इंच मोठं, रिबोअर झालेलं.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी, नळी काढली तर आत कुंभारमाशीचं मातीचं घर, नळी पूर्ण बंद. ही किरकोळ बाब वाटेल, पण या इंजिनात ती महाग पडते. क्रँकच्या मागच्या टोकाला ऑइल सील नाही. तिथे उलट्या आट्यांची खाच आहे, ती ऑइल आत ढकलत राहते. क्रँककेसमधला दाब बाहेर जायला वाट नसेल तर ती खाच हरते आणि ऑइल थेट क्लच प्लेटवर जातं. क्लच घसरतो म्हणून या गाडीची प्लेट मागे बदललेली होती. घर केलं होतं माशीने, पैसे गेले प्लेटचे. कोकणात गाडी महिनाभर उभी करायची असली तरी ब्रीदरच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.

पाण्याच्या जागेतला गाळ

ब्लॉक नागडा करून बाजूचे आणि मागचे वॉटर प्लग (पाण्याच्या जागेची बुचं) ठोकून काढले. पुढच्या दोन सिलिंडरभोवती नुसता तांबूस थर. तिसऱ्याच्या मागून मात्र जागा भरत गेलेली, आणि चौथ्याच्या मागच्या बाजूला तळापासून जवळजवळ निम्म्या उंचीपर्यंत ओल्या जांभ्याच्या भुकटीसारखा घट्ट गाळ. स्क्रूड्रायव्हर दाबला की कडेने ढेप सुटायची आणि तिच्या मोडलेल्या बाजूवर थर दिसायचे: गंजाचा काळा थर, त्यावर पांढुरका क्षार, मध्येच पिवळी रेघ. पिवळी रेघ हळदीची. रेडिएटर गळायला लागला की पाण्यात हळदपूड टाकायची, हा आपल्याकडचा जुना तोडगा. गळती थांबते, पण हळद जिथे पाणी संथ तिथे जाऊन बसते, आणि या इंजिनात संथ जागा चौथ्याच्या मागे आहे.

पांढरा क्षार विहिरीच्या पाण्याचा. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गाडी सर्वात जास्त धावायची. क्लोराइड असलेलं पाणी बिडाला नुसतं गंजवत नाही, खड्डे पाडतं. वरून पृष्ठभाग ठीक दिसतो आणि आत टोकदार खोल भोकं झालेली असतात.

गाळ काढायला क्लच केबलच्या तारेचा तुकडा ड्रिलमध्ये धरून प्रत्येक प्लगच्या भोकातून फिरवला, मग पाण्याचा जोरदार फवारा, पुन्हा तार. दीड-दोन किलो ऐवज बादलीत जमला. त्यानंतर कॉस्टिकच्या गरम टाकीत. टाकीत घालण्याआधी कॅमची बेअरिंग, ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग आणि ॲल्युमिनियमचा प्रत्येक तुकडा काढून घेतला, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि कॅमच्या बेअरिंगवरच्या व्हाइट मेटल या मऊ धातूलाही सोडत नाही. टाकीतून निघाल्यावर ऑइलच्या वाटा लांब ब्रशने आतून घासल्या. गॅलरीचे प्लग न काढता ब्लॉक धुणं म्हणजे आतला चिखल मऊ करून नव्या बेअरिंगसाठी राखून ठेवणं.

मापं आणि निर्णय

ब्लॉक तळेरे–वैभववाडी–गगनबावडामार्गे कोल्हापूरला नेला. देवगडकरांना बोअरिंगचं चोख काम करून घ्यायचं तर तिकडची मशीन शॉप जवळची आणि अनुभवीही.

२० साइजचा बोअर म्हणजे ७३.५३ मिमी. डायल बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजला. पहिला जास्तीत जास्त ७३.६४, दुसरा ७३.६३, तिसरा ७३.६६. तिघांतही झीज वरच्या टोकाला आणि आडव्या दिशेने. पिस्टन क्रँकच्या फिरण्यामुळे ज्या भिंतीवर रेलतो तीच झिजते, हे नेहमीचं चित्र. चौथा ७३.७४, आणि त्याची झीज आडवी नव्हती, मागच्या भिंतीवर होती. पिस्टन मागे रेलण्याचं काहीच कारण नाही. ती भिंत गाळाआड राहून तापत होती, तिच्यावर ऑइलचा थर टिकत नव्हता, म्हणून ती खरवडली गेली. शिवाय गाडी उभी असताना जिथे रिंगा थांबल्या होत्या तिथे गंजाचे खड्डे, अदमासे पाव मिलिमीटर खोल.

मशीनवाल्याचा पहिला सल्ला होता, चाळीस साइज मारून टाकू. चाळीस साइजचा बोअर ७४.०४ मिमी. चौथ्याच्या झिजलेल्या मापापासून बाजूने फक्त ०.१५ मिमी कापला जाणार आणि खड्डे ०.२५ चे, म्हणजे खड्ड्यांचा तळ तसाच राहणार. आणि चाळीस ही शेवटची साइज, पुढच्या वेळी काही उरत नाही. चारही सिलिंडरला लायनर (आत दाबून बसवायची नवी नळी) घालणं हा दुसरा टोकाचा पर्याय. पण पहिले तीन तीस साइजला (७३.७९ मिमी) आरामात साफ होत होते. चांगल्या भिंती कापून लायनर घालण्यात शहाणपणा नाही. निर्णय असा झाला: चौथ्याला एकट्याला ड्राय लायनर, मग चारही तीस साइजला. पिस्टनचा सेट एका मापाचा येतो आणि चारही पिस्टन सारख्या वजनाचे राहतात.

चौथ्याची मागची भिंत पाण्याच्या बाजूने किती खाल्ली गेली, हे अल्ट्रासॉनिक जाडी मापकाने पाहिलं. फॅब्रिकेशनच्या कामात हे यंत्र सर्रास असतं, इंजिनवाले क्वचित मागवतात. बाकी भिंती साडेसहाच्या आसपास, ही ४.८ मिमी. लायनरसाठी बाजूने १.६ मिमी कापल्यावर ३.२ उरणार. चालेल, पण जपून. म्हणून लायनरचा घट्टपणा खालच्या हद्दीत, ०.०४ ते ०.०५ मिमी ठेवला. एरवी दिला जातो तसा ०.०७ दिला असता तर पातळ भिंत तडकण्याचा धोका होता. बोअर तळापर्यंत न कापता खाली अरुंद कड ठेवली, लायनर तिच्यावर टेकतो आणि पुढे खाली सरकत नाही.

कामाचा क्रम इथे महत्त्वाचा. चौथ्यात लायनर दाबला की शेजारचा तिसरा सिलिंडरही किंचित वाकडा होतो. म्हणून लायनर आधी, डेकचं फेसिंग (ब्लॉकचं वरचं तोंड सपाट कापणं) नंतर आणि चारही बोअर सर्वात शेवटी. तीन बोअर आधी करून चौथ्याला मग लायनर घालणारी शॉपही आहेत. त्यांच्याकडून आलेल्या इंजिनाचा तिसरा सिलिंडर ऑइल खातो आणि का खातो ते कोणालाच कळत नाही.

फायनल बोअर पिस्टनवर छापलेल्या आकड्यावरून करायचा नाही. प्रत्येक पिस्टन स्कर्टच्या खालच्या बाजूला, गजन पिनला (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनला) काटकोनात मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्यात ०.०४५ ते ०.०६ मिमी मिळवायचे. छापील साइजमध्ये क्लिअरन्स (मोकळीक) बहुतेक वेळा आधीच धरलेला असतो. कारागिराने छापील आकड्यावर पुन्हा दोन थाव (इंचाचे हजारावे भाग) सोडले की क्लिअरन्स दुप्पट होतो आणि इंजिन सकाळी थंड असताना टकटक करतं. होनिंगच्या (दगडाने बोअर घासण्याच्या) रेघा एकमेकींना तिरक्या कापणाऱ्या हव्यात. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला सुंदर, पण त्यावर ऑइल थांबत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) आधीच दहा साइजला (०.०१० इंच घासलेले) होते, चौथी क्रँकपिन ०.०६ मिमी अंडाकार. दोन्ही वीस साइजला ग्राइंड केले. ग्राइंडरला दोन गोष्टी लिहून दिल्या: जर्नलच्या कडेचा गोलवा मूळचा तसाच ठेवायचा आणि मागच्या आट्यांच्या खाचेला दगड लावायचा नाही. कडा चौकोनी झाल्या की क्रँक तिथूनच तुटतो.

हेड

सरळपट्टी आणि फीलर गेजने हेडमध्ये ०.१२ मिमी वाक निघाला, ०.१५ मिमी फेसिंगमध्ये गेला. त्याहून जास्त कापण्यात अर्थ नव्हता, कारण पाण्याच्या भोकांच्या कडा मागच्या बाजूला खाल्लेल्या होत्या. त्या कितीही फेस केल्या तरी भरत नाहीत. दोन भोकांच्या कडा ब्रेझिंगने भरून मग फेस केल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच वाटेने जातो, हेडमधली ती सर्वात तापणारी जागा. तिथे डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून चीर नाही याची खात्री केली.

चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल गेलेला. देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्या पेट्रोलमधलं शिसं बिडाच्या सीटवर मऊ थर ठेवायचं, तो गेल्यावर भार घेऊन चढणाऱ्या गाडीच्या सीट ठोकल्या जातात. चारही एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट घातले. व्हॉल्व्ह गाइड नवे, स्प्रिंगच्या बैठकीपासून ५/८ इंच (१५.९ मिमी) वर. इनलेटला इन्सर्टची गरज नव्हती, ते लॅपिंगवर (पेस्ट लावून घासून) बसले.

बांधणी

ब्लॉक प्लॅस्टिकमध्ये, ऑइल चोपडून परत आणला. इथे किनाऱ्यावरची एक अडचण कोणत्याही मॅन्युअलमध्ये मिळणार नाही. होनिंगनंतर बोअर गरम पाणी आणि साबणाने धुवावेच लागतात. नुसतं पेट्रोल किंवा डिझेल होनिंगच्या दगडाची पूड काढत नाही, ती रेघांत अडकते आणि नव्या रिंगा खाते. पांढरं फडकं करडं व्हायचं थांबेपर्यंत धुवायचं. पण दमट हवेत धुतलेल्या बोअरवर काही मिनिटांतच तांबूस झाक चढते. म्हणून एकाने धुवायचं, दुसऱ्याने मागोमाग पुसून ऑइल लावायचं, एका वेळी एकच सिलिंडर. हे काम एकट्याने करू नये.

वॉटर प्लग पितळेचे घातले. त्यांच्या बैठकी आधी पॉलिश पेपरने लखलखीत केल्या आणि सीलंट लावला. कॅमची नवी बेअरिंग बसवून रीम केली, आठही टॅपेट (कॅमवर चालणारे व्हॉल्व्हचे दट्टे) नवे. जुन्या कॅमवर नवे टॅपेट चालतात, नव्या कॅमवर जुने टॅपेट घालू नयेत, ते कॅम खातात.

क्रँक ठेवताना मधल्या मेन बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरच्या ऑइलच्या खाचा क्रँककडे. उलट बसवले तर चालू होताच झिजतात आणि क्लच दाबला की क्रँक पुढे सरकतो. एंड फ्लोट (क्रँकची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) ०.०५ ते ०.०८ मिमी, या गाडीला ०.०६ मिळाला. मेनचे बोल्ट ७० फूट-पाउंड (९.७ किग्रॅ-मी), बिग एंडचे ३५ (४.८). प्लास्टिगेजने (दाबून मोकळीक मोजायच्या मऊ दोऱ्याने) प्रत्येक बेअरिंगचा क्लिअरन्स पाहिला आणि प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघितला. कुठल्या कॅपला तो जड झाला हे तेव्हाच कळतं, सगळं आवळून झाल्यावर नाही.

गजन पिन या इंजिनात रॉडच्या लहान डोळ्यात बोल्टने आवळलेली असते. त्या बोल्टला २५ फूट-पाउंड. तो आवळताना रॉड वाइसमध्ये धरायचा नाही. रॉड पिळला जातो, डोळ्यांना दिसत नाही, आणि पिस्टन आयुष्यभर तिरका चालतो. पिनच्या दोन्ही टोकांत बुशा घालून त्या धरायच्या. रिंगांचे गॅप प्रत्येक बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून मोजले: ०.२० ते ०.३३ मिमी हवेत. चौथ्यात दोन रिंगा ०.१५ वर आल्या, त्यांची टोकं बारीक कानशीने सारखी केली.

ऑइल पंपाच्या दोन रोटरच्या दातांमध्ये ०.१५ मिमी ही हद्द, इथे ०.२२. नवा पंप घातला, आत पेट्रोलियम जेली भरून, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो हवा न ओढता ऑइल ओढतो. टायमिंग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट सेटने बदलली.

हेड गॅस्केटपाशी एक घोळ वेळेवर सापडला. बाजारातल्या नव्या गॅस्केटची मागची दोन पाण्याची भोकं हेडच्या भोकांपेक्षा बरीच लहान निघाली. ज्या इंजिनाचा सगळा आजार मागचं पाणी न खेळण्याचा, त्यात हे गॅस्केट घालायचं नव्हतं. दुसऱ्या बनावटीचं मागवलं, जुन्याशी आणि हेडशी एकेक भोक जुळवून पाहिलं. पुढची भोकं मात्र लहान असतील तर मोठी करू नयेत. पाणी पुढूनच परत न फिरता मागपर्यंत जावं म्हणून ती मुद्दाम लहान ठेवलेली असू शकतात. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी ५० फूट-पाउंड (६.९ किग्रॅ-मी). रॉकर स्टँडचे लहान नट २५.

टॅपेट सेटिंगला या इंजिनात 'बेरीज नऊ' हा सोपा हिशेब चालतो. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा दबलेला असेल तेव्हा तिसरा. दोघांची बेरीज नेहमी नऊ. क्लिअरन्स ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी, आणि शेवटचा हात इंजिन गरम असताना.

पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बदलणं या कामाचाच भाग धरला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेत असल्याने कार्बोरेटरच्या वाटीत पाणी साचतं.

चालू करणं आणि नंतर

ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल, सुमारे साडेचार लिटर. पाण्यात एक भाग इथिलीन ग्लायकॉलचा कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. कोकणात पाणी गोठत नाही, कूलंट हवा तो गंज रोखणाऱ्या द्रव्यांसाठी. विहिरीचं पाणी यापुढे वरभर घालायलाही नाही, डिकीत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कायम. थर्मोस्टॅट परत बसवला, उष्ण हवामानासाठीचा ७४ अंशांचा.

प्लग काढून ठेवून स्टार्टरवर फिरवलं. ऑइलचा काटा उचलल्यावरच प्लग लावले. नव्या टॅपेटसाठी चालू होताच २,००० आरपीएमवर २० मिनिटं, आयडलला न सोडता, कारण कॅमवर ऑइल उडतं ते क्रँकच्या वेगाने. इन्फ्रारेड थर्मामीटरने हेड पुढे ७९ आणि मागे ८५ अंश दाखवत होतं. सहा अंशांचा फरक चालतो. पंधरा-वीसचा असता तर मागे गाळ किंवा हवा अडकली आहे असं धरून इंजिन बंद केलं असतं. मागच्या एका वॉटर प्लगला ओल आली. त्याच्या बैठकीत खड्डा राहून गेला होता. प्लग काढून बैठक भरली आणि नवा घातला.

पहिले ५०० किमी ताशी ६० च्या आत, पण एका वेगावर नाही. हळूहळू वेग घ्यायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा. रिंगा बसायला थोडा भार लागतोच, नुसतं आयडलवर तासन्‌तास ठेवलेलं नवं इंजिन बोअर चकचकीत करून बसतं. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदलला, थंड इंजिनवर हेडचे नट एकेक करून पुन्हा टॉर्क केले, टॅपेट पुन्हा पाहिले. पेट्या भरून करूळ घाट चढवला तो १,००० किमी झाल्यावरच. कॉम्प्रेशन तेव्हा १२२, १२४, १२१, १२३. ऑइल प्रेशर गरम असताना रस्त्यावर ५० आणि आयडलवर १८ पीएसआय. मागून रात्रभरात दोन-तीन थेंब ऑइल अजून पडतं. आट्यांच्या खाचेचं इंजिन तेवढं टाकणारच. क्लच कोरडा असेतोवर त्याच्या मागे लागू नये.

पावसाळ्यात गाडी मांगरात उभी करायची असेल तर मालकाला हा क्रम लिहून दिला आहे: उभी करण्याआधी ऑइल बदलायचं, जुनं आम्लयुक्त ऑइल आत ठेवायचं नाही. कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची. प्रत्येक प्लगच्या भोकात दोन चमचे ऑइल टाकून इंजिन हाताने दोन फेरे. दर पंधरा दिवसांनी फॅनच्या नटावर पाना लावून इंजिन थोडं पुढे न्यायचं, म्हणजे रिंगा एकाच जागी राहत नाहीत. एक्झॉस्टला चिंधी, ब्रीदरला जाळी. दर वर्षी मे अखेरीला ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडायचा. पाणी धारेने आलं तर ठीक. थेंबथेंब आलं, तर गाडी त्याच आठवड्यात गॅरेजला आणायची.